रुमालातून सर्व्हरवर

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तलाठ्याला पेन्सिल आणि शाईचे पेन दोन्ही लागत. जमिनीची खरेदी झाली, वारस लागले किंवा बोजा चढला की फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद पडे. सातबाऱ्यावर तिचा क्रमांक पेन्सिलने लिहिला जाई. हितसंबंधितांना नोटीस जाई आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागे. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की ती शाईने पक्की होई. जुन्या मालकाचे नाव खोडायचे नसे, त्याला कंस करायचा. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा सातबारा उघडला तरी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते त्याच कागदावर दिसे.

ज्यांनी ही शिस्त घातली त्यांना संगणक माहीत नव्हता. पण कच्ची नोंद आणि पक्की नोंद वेगळी ठेवावी, जुने पुसू नये, प्रत्येक बदलाला क्रमांक द्यावा, या आज डेटाबेस बांधणाऱ्याला शिकवतात त्या गोष्टी नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यातल्या साकोऱ्याच्या किंवा बोलठाणच्या तलाठी सजावर कित्येक पिढ्या पाळल्या जात होत्या. म्हणून नवशिक्याला माहिती कशात साठते आणि तिला वाचणारे सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे समजावून सांगायचे तर मला सातबाऱ्याच्या इतिहासाइतका चांगला रस्ता दिसत नाही. यंत्राची ओळख यंत्रापासून सुरू केली की सुटे भाग पाठ होतात. नोंदीपासून सुरू केली की ते भाग कशासाठी आले हे कळते.

ही नोंद जुनी आहे. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात पाहणी आणि जमाबंदीची नवी पद्धत सुरू केली. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली. गावपातळीवरचे हिशेब अँडरसनच्या मॅन्युअलने एकसारख्या नमुन्यांत बसवले, आणि स्वराज्यात १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ते पुढे चालवले. गावाचे एकवीस नमुने. त्यातल्या सातव्यात मालकी, क्षेत्र आणि आकार, बाराव्यात पिके. हे दोन्ही एका कागदावर आले तो सातबारा.

कागद कायमचा नसतो, हे महसूल खात्याला ठाऊक होते. हाताळून कडा झिजत, फेरफारांची गर्दी होऊन रकान्यांत जागा उरत नसे. म्हणून दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन करायची रीत होती. चालू नोंदी नव्या पानावर उतरवायच्या, जुने पान तहसीलच्या अभिलेख कक्षात रुमालात बांधून ठेवायचे. जुन्या माध्यमाचा भरवसा संपायच्या आत माहिती नव्यावर घ्यायची, हे काम आज मोठमोठ्या डेटा सेंटरमध्येही ठरलेल्या मुदतीने चालते. पुनर्लेखनात चुका होत. एखादा वारस गळे, गुंठ्यांचा आकडा बदले. पण जुने पान रुमालात शाबूत असल्यामुळे ताळा घेता येई.

संगणकाने या तालुक्यातल्या माणसांना पहिला स्पर्श केला तो जमिनीच्या नव्हे, रेल्वेच्या निमित्ताने. मनमाड हे नांदगाव तालुक्यातले मोठे जंक्शन. भारतीय रेल्वेने १९६० च्या दशकात आपल्या झोनच्या मुख्यालयांत आयबीएम १४०१ जातीचे संगणक आणले आणि त्यांवर पगारपत्रके आणि मालसाठ्याचे हिशेब होऊ लागले. त्या यंत्राला माहिती भरवायची ती छिद्रे पाडलेल्या जाड कार्डांनी. एका कार्डावर ऐंशी रकाने, एका रकान्यात एक अक्षर. साध्या सातबाऱ्यावर दोन हजार अक्षरचिन्हे धरली तर एका सातबाऱ्याला पंचवीस कार्डे लागली असती. आणि तरी तो मराठीत लिहिता आला नसता, कारण त्या यंत्राच्या लिपीत एकंदर चौसष्ट चिन्हांनाच जागा होती. इंग्रजी मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसवली की जागा संपली.

माहिती भराभर शोधायची तर कार्डांचा गठ्ठा किंवा चुंबकीय फीत उपयोगाची नसते. फितीवर शेवटची नोंद हवी असेल तर आधीची सगळी फीत गुंडाळावी लागते. चुंबकीय तबकडीवर तसे नाही. वाचणारे टोक थेट हव्या त्या वर्तुळावर जाते. आयबीएमने १९५६ साली अशी तबकड्यांची साठवण बाजारात आणली. पन्नास मोठ्या तबकड्या मिळून साधारण पन्नास लाख अक्षरे मावत. पुढच्या तीन दशकांत हीच कल्पना आकुंचन पावत टेबलावर आली. बंद पेटीतली, यंत्रातच राहणारी ती हार्ड डिस्क. पातळ, काढता-घालता येणारी ती फ्लॉपी. फ्लॉपी आधी आठ इंची होती, मग सव्वापाच इंची, मग कडक आवरणाची साडेतीन इंची. १९८७ पासून रुळलेल्या शेवटच्या फ्लॉपीवर १.४४ एमबी, नेमके सांगायचे तर १४,७४,५६० बाइट मावत.

याच सुमाराला जमिनीच्या नोंदींची पाळी आली. केंद्र सरकारने १९८८-८९ साली भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत पथदर्शी म्हणून सुरू केली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे होते. यंत्र आणणे त्यातल्या त्यात सोपे होते. त्या यंत्राला मराठी यावी हे अवघड होते, आणि तिथे पुण्याचा भाग येतो.

कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम चालले होते. त्यातले मोहन तांबे पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. तिथे वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाचे एक कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागे इस्की नावाची संकेतपद्धती होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला मानक म्हणून मान्यता दिली. इंग्रजी अक्षरे होती तिथेच ठेवून उरलेल्या १२८ जागांत भारतीय अक्षरे बसवली होती आणि प्रत्येकाला एक बाइट पुरे. या हिशेबाने एका फ्लॉपीवर सातशेवर सातबारे मावले असते. एखाद्या लहान गावाची सगळी जमीन खिशात.

महाराष्ट्राच्या संगणक इतिहासात सी-डॅकने बांधलेल्या परम सुपरकॉम्प्युटरचे नाव नेहमी घेतले जाते, आणि ते घ्यायलाच हवे. पण खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने सी-डॅकचे सर्वांत मोठे काम हे लिपीचे आहे. परम कोणत्याही शेतकऱ्याने पाहिला नाही. मराठीत छापलेला सातबारा प्रत्येकाच्या हातात आला.

सॉफ्टवेअरचे थर इथे स्वच्छ दिसतात. तळाशी यंत्राच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्रॅम. वीज आली की तो जागा होतो, कीबोर्ड, डिस्क, पडदा जागेवर आहेत का ते पाहतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. ऑपरेटिंग सिस्टीम, मग ती डॉस असो, विंडोज असो की लिनक्स, चावडीवरच्या कोतवालासारखी आहे. सातबारा लिहिणे तिचे काम नव्हे. दप्तर आणून देणे, बोलावणे पोचवणे, कोणाला आत सोडायचे आणि कोणाला थांबवायचे हे पाहणे तिचे काम. तिच्या वर लिपी हाताळणारा थर. त्याच्याही वर प्रत्यक्ष कामाचे ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर: पत्र लिहायचे असेल तर वर्ड प्रोसेसर, दुकानाचा हिशेब असेल तर टॅली, जमिनीची नोंद असेल तर एनआयसीने बांधलेला प्रोग्रॅम. आणि अशा नोंदी रांगेत, एकमेकींशी जोडून ठेवणारा डेटाबेस. यातला एक थर बदलला की बाकीच्यांना जुळवून घ्यावे लागते. नव्वदच्या दशकात ज्यांनी मराठीत टंकलेखन केले त्यांना याचा चटका बसला आहे. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला तर अख्खे पत्र अनाकलनीय चिन्हांचे होऊन बसे. फ्लॉपी ठीक, फाइल ठीक, एकही बाइट हरवलेला नाही, तरी वाचता येत नाही.

फ्लॉपीबरोबर आणखी एक गोष्ट फिरू लागली. १९८६ साली लाहोरहून निघालेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच भागात, संगणक सुरू होताना जो वाचला जातो तिथे, बसत असे. त्याच्या मागून अनेक आले. पुण्यात कॅलक्युलेटर आणि संगणकांची दुरुस्ती करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांच्यापुढे असे बिघडलेले संगणक येत. संजय यांनी लिहिलेल्या व्हायरस काढणाऱ्या प्रोग्रॅममधून १९९५ साली क्विक हील उभे राहिले. व्हायरस शोधणारे, डिस्क तपासणारे, फाइली आवळून लहान करणारे जे प्रोग्रॅम असतात ते युटिलिटी सॉफ्टवेअर. माणसाचे काम ते करत नाहीत, यंत्राची निगा राखतात. या जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये देशभर नाव झालेले उत्पादन दोन मराठी भावांच्या दुरुस्तीच्या दुकानातून निघाले, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत उघडले. सरकारी भरतीच्या जाहिरातींत या प्रमाणपत्राची अट येऊ लागली. नांदगाव-मनमाडसारख्या ठिकाणी, जिथे अनेक घरांत अजून दूरध्वनीही नव्हता, तिथे मुले-मुली, शिक्षक, कारकून एका बाकावर बसून रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरक शिकू लागले. हा फरक त्यांना पुस्तकापेक्षा भारनियमनाने अधिक चांगला शिकवला. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात वीज तासन्‌तास जाई. अर्धे पान टाइप झाले आणि दिवे गेले की पडद्यावरचे सगळे नाहीसे. कारण चालू काम रॅममध्ये असते आणि रॅमला सतत वीज लागते. जे सेव्ह केले होते ते डिस्कवर, चुंबकाच्या रूपात, विजेवाचून टिकून राहिलेले. पेन्सिल आणि शाईचा जुना भेद इथे नव्या रूपात समोर आला. फरक इतकाच की पेन्सिलीचे लिखाण वीज गेली म्हणून पुसले जात नव्हते.

त्याच दशकात तहसील कचेऱ्यांतून संगणकावर छापलेले सातबारे मिळू लागले. लोकांना ते आवडले, अक्षर लागत होते. पण गावात तलाठ्याकडे हस्तलिखित सातबारा चालूच होता. एकाच जमिनीच्या दोन नोंदी, एक वहीत आणि एक तालुक्याच्या संगणकात, आणि फेरफार झाला की दोन्हीकडे तो एकाच वेळी चढेलच अशी खात्री नाही. दोन प्रती असणे चांगले असते, पण मूळ कोणते आणि प्रत कोणती हे ठरलेले असेल तरच. इथे ते ठरलेले नव्हते. माझ्या मते संगणकीकरणाच्या या टप्प्यातली सर्वांत मोठी उणीव हीच होती, यंत्रांची कमतरता नव्हे.

ती दूर करण्यासाठी ई-फेरफार आला. प्रत्येक तालुक्याचा सुटा डेटा एकत्र करून राज्याच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर न्यायचा, इस्कीतली अक्षरे युनिकोडमध्ये आणायची आणि फेरफार थेट त्यावरच करायचा. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत आय-सरिता प्रणालीत नोंदले की सूचना तहसील कचेरीत पोचते. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. पेन्सिल, पंधरा दिवस, शाई. क्रम तोच राहिला. युनिकोडमुळे कोणत्याही संगणकावर तोच मजकूर तसाच दिसू लागला. त्याची किंमत म्हणजे जागा: नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. आपला दोन हजार चिन्हांचा सातबारा सहा हजार बाइटचा झाला. फ्लॉपीवर तो अडीचशेहून कमी वेळा मावला असता. पण तोवर फ्लॉपी गेली होती. सातशे एमबीच्या सीडीवरही असे सव्वा लाखाच्या आसपास सातबारे मावतात आणि अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर त्याहून कितीतरी जास्त. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नाही. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात पुढे आणलेल्या फ्लॅश मेमरीत विद्युतभार बंदिस्त करून ठेवलेला असतो. जागेचा प्रश्न संपला होता. बरोबर माहितीचा प्रश्न उरला होता.

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. संगणकातला प्रत्येक सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहायचा, क्षेत्राची बेरीज जुळवायची, सुटलेली नावे घालायची. तलाठ्यांनी लॅपटॉपवर, मंद इंटरनेटवर हे काम केले. दिवसा सर्व्हरवर गर्दी, म्हणून अनेकांनी रात्री जागून केले. सर्व्हरच्या संथपणावरून तलाठ्यांची आंदोलनेही झाली, आणि त्यांची तक्रार खरी होती. दूरच्या सर्व्हरवरची साठवण कितीही मोठी असली तरी तिथवरची वाट अरुंद असेल तर गावाच्या दृष्टीने ती अपुरीच.

२०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकात भरलेले सातबारे गावात, खातेदारांच्या समोर वाचून दाखवायचे आणि चुका टिपून घ्यायच्या. या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा निर्णय हाच. आकडा आकड्यासारखा आहे का, रकाना रिकामा राहिला का, हे प्रोग्रॅम तपासू शकतो. गटात तिसरा भाऊ होता आणि त्याचे नाव उतरलेले नाही, हे समोर बसलेली म्हातारी माणसेच सांगू शकतात. लेखनप्रमादाची दुरुस्ती करायला संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो. असे आदेश ठिकठिकाणी निघाले. ज्यांच्या चुका तेव्हा राहून गेल्या त्यांना पुढे हेलपाटे पडले, आणि पीककर्जाच्या वेळी चुकलेला सातबारा हातात असणे काय असते ते शेतकऱ्यालाच माहीत.

१ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. तलाठ्याची सही आता यूएसबी टोकनमध्ये, बोलीभाषेत डोंगलमध्ये, असते. हे टोकन दिसायला पेन ड्राइव्हसारखे, पण काम वेगळे. पेन ड्राइव्हमधली फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतो. टोकनमधली गुप्त किल्ली बाहेर काढता येऊ नये अशीच त्याची रचना असते. सही करण्याचे गणित टोकनच्या आत होते आणि उत्तर तेवढे बाहेर येते. सही झाल्यावर सातबाऱ्यात एक आकडा जरी बदलला तरी पडताळणीत ते उघड होते. तहसीलच्या शिक्क्यासाठी नांदगावला फेरी मारण्याची गरज बऱ्याच कामांपुरती संपली. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणीचे ॲप आले आणि बारावा नमुना भरण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासह. फोनला जागा सांगायला उपग्रह पुरतात, पण नोंद पाठवायला रेंज लागते. डोंगरकडेच्या गावांत ती मिळवायला अजूनही टेकाड चढावे लागते.

त्याच वर्षी सप्टेंबरात शाकांबरी आणि लेंडी नद्यांना पूर येऊन नांदगावच्या बाजारपेठेत पाणी शिरले. दुकानांतला माल गेला. अशा पाण्यात वही आणि हार्ड डिस्क सारख्याच निकामी होतात. वाचते ती दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत. छोट्या दुकानदाराने उधारीची वही संगणकावर नेली पण प्रत त्याच दुकानातल्या दुसऱ्या खणात ठेवली, तर त्याने साधन बदलले, जोखीम तीच ठेवली. सातबाऱ्याचा सर्व्हर नांदगावात नाही, हे म्हणूनच बरे आहे.

एक मोठे काम अजून अर्ध्यावर आहे. तहसीलच्या रुमालांतले जुने सातबारे, फेरफार आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी स्कॅन करून ऑनलाइन देण्याचा कार्यक्रम शासनाने घेतला. सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत नाशिक होता. स्कॅन म्हणजे पानाचे चित्र. सहा हजार बाइटचा मजकूर चित्र झाला की काही लाख बाइट घेतो, आणि तरी संगणकाला त्यातले एक नाव शोधता येत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे अक्षरे नाहीत, काळे-पांढरे ठिपके आहेत. त्यातच बरीच जुनी पाने मोडी लिपीत आहेत. १९५० च्या दशकात मोडी शाळांतून गेली आणि ती वाचणारे कमी होत गेले. कागद टिकला, शाई टिकली, आता सर्व्हरवर चित्रही सुरक्षित आहे, पण वाचणारा दुर्मिळ. फॉन्ट हरवलेल्या फाइलीची जी गत होई तीच या पानांची झाली आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे वाचलेले मोडीतच टाइप करून ठेवता येते. वाचायचे मात्र आधी माणसानेच.

राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. नांदगाव, येवला, मालेगाव, चाळीसगाव या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी असे वर्ग आपल्याकडे मागून घ्यावेत आणि संगणक शिकणाऱ्या मुलांना त्यांत बसवावे. पणजोबांचा फेरफार क्रमांक आणि गट ठाऊक असलेली माणसे गावोगाव अजून आहेत, आणि त्या क्रमांकाची पाने स्कॅन होऊन पडलेली आहेत. ती वाचून, टाइप करून, आजच्या गट क्रमांकाशी जोडली तर वारसाचे कितीतरी वाद दिवाणी कोर्टाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत.